खोलीचे १८ लाख आलेत, आता कशात घालू?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, वय ४२. नाव-गाव लिहू नका म्हणाल्यात. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. लालबागला चाळीत वडिलांची खोली होती, ती तिघा भावंडांनी विकली आणि ह्यांच्या वाट्याला १८ लाख आले. गणपतीपासून ते सेव्हिंग खात्यात पडून आहेत. घरची हापूसची ११० कलमं, वर्षाचं उत्पन्न जे काय ते एप्रिल-मेमध्ये. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. नवऱ्याचं म्हणणं, तालुक्यातल्या पतसंस्थेत ठेवूया, साडेनऊ टक्के देतायत, "आपली माणसां आसत थंय". दीर म्हणतात चिपी विमानतळाच्या बाजूला जमीन घ्या. पुण्याच्या भाच्याने ११ शेअरची यादी पाठवलीय. एका एजंटने ६ म्युच्युअल फंड सुचवलेत. ताईंनी लिहिलंय, "माझी गुंतवणूक अशी आजपर्यंत काहीच नाही. १५-२० वर्षांसाठी ह्यातलं सगळ्यात चांगलं कुठचं ते एकदाच सांगा, एकदा घातले की परत बघायला नको." आणि अगदी शेवटी एक ओळ, "वाशीच्या दलालाची ३ लाखांची उचल आहे, ती दरवर्षी आंब्यातून वळती होते आणि परत घ्यावी लागते, पण ती वेगळी गोष्ट."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीवरच अडकले. उचल ही वेगळी गोष्ट नाहीये हो. मी तिथूनच सुरुवात करणार आहे, शेअर आणि फंड नंतर बघू.

उचल म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. पावसाळा संपला की फवारणी, खत, राखणीचा गडी, सगळ्याला पैसे लागतात आणि नेमके तेव्हाच हातात नसतात, मग वाशीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ घ्यायचे आणि सीझनला पेट्या त्यालाच पाठवायच्या. ह्याचं व्याज कागदावर बरेचदा लिहिलेलंच नसतं. ते पट्टीत, म्हणजे व्यापारी विक्रीचा जो हिशोब पाठवतो त्यात असतं. तो जो भाव लावेल तो आपला, कारण दुसरीकडे पाठवायची सोयच नाही. तुम्ही एक करा, गेल्या तीन सीझनच्या पट्ट्या काढा आणि वाडीत ज्याची उचल नाही अशा कुणाच्या तरी त्याच आठवड्याच्या पट्ट्या मागून घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघा. समजा पेटीमागे १०० रुपयांचा फरक निघाला आणि तुमच्या वर्षाला ४०० पेट्या जात असतील तर ४० हजार झाले. ३ लाखांवर ४० हजार म्हणजे १३ टक्क्यांच्या वर, आणि हे दरवर्षी. एवढं खात्रीने देतो असं कुठलाच फंड तुम्हाला लिहून देणार नाही. म्हणून १८ मधले पहिले ३ लाख इथे. हिशोब पूर्ण करा, लेखी घ्या, आणि पुढचा सीझन तुमच्या मर्जीने विका, वाशीला विका, पुण्याला थेट गिऱ्हाईकाला पाठवा, कोकणातल्या हापूसला २०१८ पासून जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचा अस्सल माल अशी अधिकृत ओळख आहे, त्याचा फायदा घ्या. हे सगळं उचल असेपर्यंत तुम्हाला करताच येत नाही.

आता दुसरं. "माझी गुंतवणूक अशी काहीच नाही" असं तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही. ११० कलमं ही गुंतवणूकच आहे, आणि भरपूर मोठी. जमीन आहे, घर आहे, अंगावरचं सोनं असेल. फक्त ही सगळी मालमत्ता एकाच किनाऱ्यावर, पाच-सात किलोमीटरच्या आत आहे आणि एकाच फळावर चालते. मोहोराच्या वेळी अवकाळी झाला की गेलं, थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, आले की गेलं, आणि हापूस तसाही एका वर्षी भरभरून देतो नि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो.

माझ्या मामांची बाग तुमच्याच बाजूला आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगते. बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, फळांचा नुसता थर, देठातून चीक गळतोय, त्या चिकाचा नि मोडलेल्या पाल्याचा वास. तीन मोठी कलमं मुळासकट आडवी. मामी टोपली घेऊन उभी होती पण ती काही उचलत नव्हती, कारण कुठचं उचलायचं तेच कळत नव्हतं. त्याच आठवड्यात मामांना पैशाची गरज होती, शेजाऱ्याला होती, बंदरावर ज्याच्या होडीचं नुकसान झालं त्याला होती. एकाच वेळी सगळ्यांना.

म्हणून पतसंस्थेबद्दल मला काळजी वाटते. चेअरमन भला माणूस असेल, मी नाही म्हणत नाही. पण पतसंस्था तुमचे पैसे घेऊन कर्ज कुणाला देते? आंबेवाल्यांना, होडीवाल्यांना, गावातल्या दुकानदारांना. ज्या वर्षी वादळ येतं त्या वर्षी त्यांचे हप्ते थकतात आणि ठेवीदार पैसे काढायला येतात, दोन्ही एकदमच. तुम्हाला ज्या महिन्यात पैसे हवे असतील त्याच महिन्यात ते न मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, माणशी प्रत्येक बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला ते नाही. माझ्या आईचे पैसे आमच्याकडच्या एका पतसंस्थेत अडकले होते, ती रक्कम मोठी नव्हती पण तिची सगळी तेवढीच होती, आणि ऑफिसच्या पायऱ्या चढून चढून शेवटी ती जायचीच बंद झाली. साडेनऊ टक्के वाचलं की मला तेच आठवतं.

भावोजींच्या जमिनीचंही तसंच. जमीन वाईट नाही, कोकणात ज्यांनी वेळेवर घेतली त्यांचं भलं झालंय. पण तुमच्याकडे जमीन आहेच, आणि मुलाच्या ॲडमिशनला ४ लाख लागले म्हणून कुणी दोन गुंठे तोडून विकू शकत नाही. शिवाय सातबारावर किती नावं, वारसनोंदी झाल्यात का, कुळाचा काही विषय आहे का, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या निर्बंधात येते का, हे बघण्यात वर्ष जातं. आणि पडत्या वर्षात गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणजे बघा, पतसंस्था, जमीन आणि तुमची बाग, ही नावाला तीन पण ह्यांचं बरंवाईट एकत्रच होणार. खोलीचे पैसे मुंबईहून आलेत, ते परत त्याच वाडीत कशाला पुरायचे? बाग जे करू शकत नाही ते ह्या पैशाने करायला हवं. बागेला पगार देता येत नाही, बागेला चार वर्षांनी अमुक तारखेला अमुक रक्कम दे म्हणून सांगता येत नाही, आणि आपल्या किनाऱ्याच्या बाहेरच्या धंद्यातला वाटा बाग तुम्हाला देत नाही.

म्हणून "सगळ्यात चांगलं कुठचं" ह्याच्या आधी "कुठचे पैसे कधी लागणार" ते लिहून काढूया.

बाग आहे तोवर एक पूर्ण वाईट सीझन निभावेल एवढी रक्कम बाजूला हवीच, त्यात घरखर्च आणि बागेचा खर्च दोन्ही आले, नाहीतर उचल परत घ्यावी लागेल आणि वरचं सगळं वाया. मी तुमच्यासाठी ४ लाख धरते. राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, एकच मोठी न करता ५०-५० हजारांच्या, म्हणजे लागली तेवढीच मोडता येते. मुलगा १४ चा, चार वर्षांत बारावी होईल, त्याचे ३ लाखही एफडीतच, दुसऱ्या बँकेत. चार वर्षांवर आलेली फी शेअर बाजारात ठेवायची नाही, एजंटने काहीही दाखवलं तरी नाही.

मुलगी ९ वर्षांची आहे ना, मग पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं तिचा दहावा वाढदिवस यायच्या आत उघडा, त्यानंतर उघडता येत नाही. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, कमीत कमी २५०. व्याज सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के केलं होतं. भरायचं १५ वर्षं, खातं पिकतं २१ वर्षांनी, पण मुलगी १८ ची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. ह्या वर्षी दीड लाख भरा, पुढे बाग देईल तसं. आणि तुमच्या स्वतःच्या नावाने पीपीएफ, म्हणजे १५ वर्षांचं सरकारी बचत खातं, काढून ठेवा, ५० हजारांनी सुरुवात करा, १५ वर्षांनी तुम्ही ५७ च्या असाल. पीपीएफमध्ये पैसे भरायचे तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. हे पोस्टात कुणी आपणहून सांगत नाही.

राहिले ६ लाख. हे खरे लांबचे पैसे, आणि ह्यांच्यासाठी मी निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड सांगेन. एकच.

देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांमध्ये ठरलेल्या प्रमाणात पैसे जातात, कुणी हुशारी करत नाही. वर्षातून दोनदा यादी तपासली जाते, खंगलेली कंपनी बाहेर जाते आणि दुसरी आत येते, आपण मेलेलं कलम काढून नांग्या भरतो तसं. भाच्याच्या यादीबद्दल मला इथेच बोलायचंय. त्याने प्रेमाने केलीय, तुम्ही त्याला दुखवू नका. पण सत्यम, युनिटेक, सुझलॉन, येस बँक, ह्या सगळ्या एकेकाळी निफ्टीमध्ये होत्या, म्हणजे त्या वेळच्या कुठल्याही शहाण्या माणसाच्या यादीत असत्या. ज्याच्याकडे इंडेक्स होता त्याच्याकडून त्या आपोआप गेल्या, ज्याने नावं धरून ठेवली त्याला कुणी फोन करून सांगितलं नाही. ११ शेअर घेणं अवघड नाही, १५ वर्षं त्या ११ कंपन्यांचे अहवाल वाचत राहणं अवघड आहे, आणि मोहोराच्या दिवसांत तुम्हाला तेवढा वेळ आहे का? आवड असेल तर २०-३० हजारांपर्यंत करा, शिका, माझी ना नाही. फक्त भाचा उद्या ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल ह्यावरचे मुदतीचे सौदे, शिकवतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तपासलं तर तीन आर्थिक वर्षांत असे फ्युचर-ऑप्शनचे सौदे करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

एजंटच्या ६ फंडांचं काय? नावं सहा असली तरी मोठ्या कंपन्यांचे फंड असतील तर आत बघा, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, तीच तीच नावं दिसतील. आणि तुम्ही पट्टीवरची हमाली, तोलाई, दलाली बरोबर वाचता, मग फंडाची पट्टीही वाचा. फंड दरवर्षी खर्चापोटी किती टक्के कापतो ते त्यात असतं, त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. प्रत्येक फंडाचा एक रेग्युलर प्लॅन असतो ज्यात एजंटचं कमिशन दरवर्षी कापलं जातं आणि एक डायरेक्ट प्लॅन, जो जानेवारी २०१३ पासून आहे, त्यात ते नसतं. समजा ६ लाख १५ वर्षं वर्षाला ११ टक्क्यांनी वाढले तर साधारण २८ लाख ७० हजार होतात, आणि त्यातला एक टक्का दरवर्षी कापला गेला तर २५ लाख. एका टक्क्याचे साडेतीन लाखांहून जास्त. ११ टक्के मिळतीलच असं मी अजिबात म्हणत नाहीये, फरक कसा वाढत जातो तेवढंच दाखवतेय. डायरेक्ट प्लॅन फंड कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ऑफिसात घेता येतो. एकटीने जमणार नाही वाटलं तर सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठा जो तुमच्याकडून ठरलेली फी घेतो, त्याचा नंबर सेबीच्या वेबसाइटवर तपासा. एजंट वाईट असतो असं नाही, पण त्याचे पैसे कोण देतं हे माहीत असलं पाहिजे.

आता ह्या ६ लाखांचं वाईट रूप पण बघून घ्या, आत्ताच, चहा पिताना. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१ हजारांच्या आसपास होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली. २०१० च्या दिवाळीला परत २१ हजारांना टेकला, पुन्हा घसरला, आणि खऱ्या अर्थाने वर गेला तो २०१३ च्या दिवाळीनंतर. म्हणजे ज्याने अगदी टोकाला एकरकमी घातले त्याला जवळजवळ ६ वर्षं आकडा तिथल्या तिथेच दिसला. २०२० मध्ये जानेवारीत १२ हजार ३०० ला असलेला निफ्टी २३ मार्चला ७ हजार ६०० वर होता. तुमचे ६ लाख कधीतरी साडेतीन लाख दिसतील. दिसतील असं धरूनच चाला. त्या दिवशी घरात काय बोलणी होतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या बोलण्यांनंतरही पैसे तिथेच ठेवता येणार असतील तरच घाला, आणि ४ लाखांच्या एफडी आधी सांगितल्या त्या ह्याच्यासाठी पण, की त्या दिवशी विकायची वेळच येऊ नये. पोट भरलेलं असलं की थांबता येतं.

घालायचे कसे, तर एकदम नकोत. एजंट एसआयपी सांगेल, म्हणजे खात्यातून दर महिन्याला ठरावीक हप्ता. एसआयपी महिन्याला पगार येणाऱ्याला बरोबर आहे, तुमच्या खात्यात ऑगस्टला पैसे नसले की हप्ता परत जातो आणि बँक वर दंड घेते. त्यापेक्षा ६ लाख लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या मुदतीच्या, फारसा चढउतार नसलेल्या फंडात ठेवून तिथून दर महिन्याला ३३ हजारांच्या आसपास इंडेक्स फंडात जातील असं लावा, ह्याला एसटीपी म्हणतात, दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात, दीड वर्षात पूर्ण होईल. पुढेही दर सीझनला आंब्याचे आले की त्यातले थोडे असेच. हे ज्यांचे पैसे वर्षातून एकदाच येतात अशा सगळ्यांसाठी लिहितेय. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तारकर्ली-गुहागरला होमस्टे चालवणाऱ्यांना पावसात काही नसतं, बोटीवर जाणाऱ्याला कॉन्ट्रॅक्ट संपलं की चार महिने घरी. आधी वर्षाचा खर्च बाजूला, मग राहतील ते हळूहळू आत, महिन्याच्या हप्त्याच्या मागे लागून दंड भरू नका.

"परत बघायला नको" म्हणालात, ते मात्र होणार नाही. रोज बघायची गरज नाही, रोज बघूच नका, पण वर्षातून एकदा, जूनमध्ये पाऊस लागला आणि बाग शांत झाली की दोन तास बसा. मुलाच्या फीची तारीख जवळ आली का, एफडी पिकल्या का, नॉमिनी बरोबर आहे का, एवढंच. काढायचे झाले तर इंडेक्स फंडावर एक वर्षानंतरच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, वर साडेबारा टक्के, असा नियम जुलै २०२४ पासून आहे. सोनं घ्यायचं राहिलं का असं मनात येईल, तर जे घरात आहे तेवढं पुरे. २०१२ ते २०१८ पर्यंत तेही तोळ्याला तीस हजारांच्या आसपासच घुटमळत होतं, हे आजचा भाव बघून लोक विसरतात.

एक तातडीचं आहे. खोली विकल्याचा कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा कर, तुमच्या वाट्याला किती येतो ते सीएला विचारलंत का? घर-जमीन विकली असेल तर ६ महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांचे बॉण्ड घेऊन टॅक्स वाचवता येतो, पैसे ५ वर्षं अडकतात. चाळीतल्या खोलीला ते लागू होतं की नाही हे कागद बघूनच कळेल. गणपतीपासून मोजलं तर दिवस थोडे असतील. हे ह्याच आठवड्यात, आणि टॅक्स निघाला तर तो वरच्या वाटणीच्या आधी बाजूला काढा, कमी होतील ते ६ लाखांतले होऊ देत.

आणि एक तुम्ही विचारलेलं नाही. पत्रात नवऱ्याचं, दिराचं, भाच्याचं, एजंटचं म्हणणं आहे, तुमचं कुठेच नाही. हे तुमच्या बाबांकडचे पैसे आहेत. त्या खोलीत तुम्ही वाढलात. खाती तुमच्या नावावर उघडा, नवऱ्याला नॉमिनी लावा, आणि नॉमिनी म्हणजे मालक असं नसतं, पैसे शेवटी वारसांचे, म्हणून एक साधं मृत्युपत्र पण करून ठेवा. नवऱ्याला अंधारात ठेवून काही करू नका, उलट दोघं मिळून पट्ट्या काढायला बसा, कारण बाग त्यांना तुमच्याइतकीच कळते आणि उचल फिटतेय हे दिसलं की पतसंस्थेचा विषय बहुतेक तिथेच थांबेल.

आधी सीए, मग दलालाचा हिशोब, मग मुलीचं पोस्टातलं खातं, ह्या क्रमाने जा. इंडेक्स फंड महिनाभर उशिरा झाला तरी काही बिघडत नाही. आणि ह्या सीझनची पहिली पेटी कुणाला पाठवलीत ते मला नक्की कळवा.